गिम्प ३.० : स्क्रॅपबुकवाल्यांनी परत एकदा बघाच

गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण डिजिटल स्क्रॅपबुकिंगसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर फोटो, कागद, बटणं मांडून आठवणींची पानं सजवायला, मी ते कुणाला सुचवत नव्हते, कारण २.१० आवृत्तीपर्यंत फिल्टर एकदा लावला की तो फोटोत मुरला, मग फक्त अनडू, आणि फाइल बंद केली की तेही गेलं. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं आणि हे बदललं. आता कर्व्हज, ब्लर, ड्रॉप शॅडो काहीही लावा, लेयरच्या (एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकाच्या) शेजारी एफएक्सचा छोटा आयकन येतो, त्यावर क्लिक केलं की लावलेल्या फिल्टरांची यादी दिसते, डोळ्याच्या आयकनने फिल्टर बंद करून बघा, वर-खाली करा, परत उघडून आकडे बदला. एक्ससीएफमध्ये (गिम्पच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) सेव्ह केलं तर पुढच्या वेळीही तसंच मिळतं.

स्क्रॅपबुकमध्ये खरी मजा शॅडोची. कागदाची सावली बारीक आणि बटणाची जाड असली तरच पान खरं वाटतं, आणि हे पहिल्या फटक्यात कधीच जमत नाही, शेवटी सगळं मांडून झाल्यावरच कळतं की इथे जरा जास्त झालंय. आता तेव्हा जाऊन बदलता येतं! टायटलच्या अक्षरांना सावली देऊनही मजकूर एडिट होतो, हे तर फारच भारी. फक्त रिबिन किंवा वळलेलं पान असेल तर फिल्टरची सावली सगळीकडे सारखीच पडते, चिकटवल्यासारखी दिसते. तिथे मी अजूनही लेयरची कॉपी काढून काळी करते, ब्लर करते आणि वॉर्प या ओढून वाकवायच्या टूलने वाकवते. वेळ जातो पण फरक दिसतो.

आता रडगाणं. फोटो लहान केला की पिक्सेल गेले, परत मोठा केला तर धूसर, मूळ फोटो शाबूत ठेवणाऱ्या फोटोशॉपच्या स्मार्ट ऑब्जेक्टसारखं ३.० मध्ये काही नाही. म्हणून मूळ लेयरची कॉपी डोळ्याच्या आयकनने लपवून खाली ठेवायची, दुसरा इलाज नाही. १२ बाय १२ इंचाचं पान ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल, त्यावर पंधरा-वीस लेयरना फिल्टर असले की जुना लॅपटॉप धापा टाकतो. फिल्टर नंतर बदलायचा नसेल तिथे फिल्टरच्या खिडकीत तो लेयरमध्ये कायमचा मुरवायचा मर्जचा पर्याय आहे, तो वापरा.

टेम्प्लेट म्हणजे तयार मांडणीची पानं वापरणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो क्लिपिंग मास्कचा, म्हणजे वरचा पेपर खालच्या आकारापुरताच दिसण्याचा. तो सरळ बटण दाबून मिळत नाही. आकाराचा लेयर आणि त्यावर डिझायनर पेपर एका ग्रुपमध्ये टाका, पेपरच्या लेयरवर राइट क्लिक, कंपोझिट मोड, क्लिप टू बॅकड्रॉप. झालं काम, पेपर हवा तसा सरकवा. शॅडो मात्र पेपरला नाही, ग्रुपला लावा.