वॉल्थर पीपीके, बत्तीस बोअर: काही महिने वापरल्यानंतर

आपल्याकडे सर्वसाधारण नागरी परवान्यावर 9 मिमी पॅराबेलम काडतुसाचं पिस्तूल बसत नाही, त्यामुळे छोटं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल हवं असेल तर बत्तीस बोअरवर (म्हणजे नळीचं माप 0.32 इंच) यावं लागतं. वैयक्तिक आयातही 1980च्या दशकापासून जवळपास बंदच. साहजिकच इथे दिसणारी वॉल्थर पीपीके पिस्तुलं बहुतेक जुनी, हातोहात फिरलेली असतात.

आधी काडतूस. दुकानात नुसतं ‘बत्तीस’ म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लाँग वेगळं. याला लागतं बत्तीस एसीपी, म्हणजेच 7.65 ब्राउनिंग. पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) 17 मिमी, अख्खं काडतूस 25 मिमी, गोळी 71 ग्रेन (साधारण साडेचार ग्रॅम), वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. बुडाची कडा पुंगळीच्या अंगापेक्षा जराशीच बाहेर असते आणि खरी गोम तिथे आहे. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे यायला हवी. ती मागे सरकली की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात, वरचं काडतूस पुढे सरकतच नाही आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) कितीही ओढा, उपयोग शून्य. मॅगझिन काढून काडतुसं मोकळी करावी लागतात. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांत हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये पुढे जागा उरते आणि धक्क्याने काडतुसं मागेपुढे होतात. पूर्ण आवरणाची 71 ग्रेनची गोळीच वापरावी. मॅगझिनमध्ये सात बसतात.

काडतूस सौम्य, तरी झटका अपेक्षेपेक्षा टोचरा. स्लाइडला कुलूप नाही. ती फक्त स्वतःचं वजन आणि स्प्रिंगच्या जोरावर बंद राहते, म्हणून स्प्रिंग कडक आणि ओढायला जड. हात मांसल असेल नि पकड फार वर गेली तर स्लाइडची कड अंगठा-तर्जनीमधली कातडी सोलते. बदल्यात नळी फ्रेमला पक्की, त्यामुळे 83 मिमीच्या नळीच्या मानाने नेम उत्तम. साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, मात्र अगदीच बारीक.

पहिला चाप जड, सहा किलोच्या आसपास, कारण त्यानेच मागचा घोडाही उचलला जातो. पुढचे त्याच्या निम्म्याने. सेफ्टी खाली केली की सुरक्षित, आणि उचललेला घोडाही गोळी न सुटता आपोआप पडतो. तरी त्या वेळी नळी सुरक्षित दिशेलाच हवी, जुन्या भागांवर इतका भरवसा ठेवू नये. घोड्याच्या वर डोकावणारी पिन चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) भरल्याचं सांगते, अंधारातही बोटाला लागते. ही सोय फार आवडली.

साफसफाई सोपी. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. चापाभोवतीची कडी खाली ओढून किंचित बाजूला टेकवा, स्लाइड पूर्ण मागे घेऊन मागची बाजू उचला आणि सावकाश पुढे काढा. परत जोडताना स्प्रिंगचं अरुंद टोक आधी नळीवर. कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून दिलं तर ब्लूइंगखाली (पोलादावरचा काळसर-निळा थर) गंज धरतो. तेलाचा पातळ हात द्यावा, पण चेंबर कोरडं. फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर ठोका मारणाऱ्या पिनच्या) भोकात तेल ओतू नका, ते घट्ट होऊन पिनचा ठोका ढिला पडतो.

जुनं घेताना पहिला खर्च नव्या रिकॉइल स्प्रिंगचा (नळीभोवतीची, स्लाइड पुढे ढकलणारी) धरावा. थकलेल्या स्प्रिंगने पुंगळ्या लांब भिरकावल्या जातात आणि स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते.