फाशीविषयी मत ठरवताना : हिंदू आणि ख्रिस्ती दंडविचार

फाशीची शिक्षा असावी की नसावी, ज्याने आपले नुकसान केले त्याला क्षमा करता येते का, आणि शिक्षा भोगून परत आलेल्या माणसाशी कसे वागावे, या तीन प्रश्नांवर ज्याला धर्मपरंपरेच्या आधाराने मत बनवायचे आहे, त्याच्यापुढे बहुधा एक तयार समज ठेवला जातो : ख्रिस्ती धर्म क्षमेचा आणि हिंदू धर्म कर्मफळाचा, म्हणून पहिला सौम्य आणि दुसरा कठोर. दोन्हीकडचे ग्रंथ उघडले की हा समज टिकत नाही. फाशीच्या बाजूने आणि तिच्या विरुद्ध असे दोन्ही प्रकारचे भक्कम युक्तिवाद दोन्ही परंपरांत सापडतात. खरा फरक निराळ्या ठिकाणी आहे. राजाने दिलेली शिक्षा भोगल्याने माणसाचे पाप फिटते की नाही, या प्रश्नाला दोन्ही परंपरांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि बाकीचे बरेचसे मतभेद त्यातून निघालेले आहेत.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असे म्हटले आहे की, पाप केलेल्या ज्या माणसांना राजाने दंड केला, ती निर्मळ होऊन पुण्यवंतांप्रमाणेच स्वर्गाला जातात. म्हणजे दंड हा समाजाचे रक्षण तर करतोच, पण ज्याला तो होतो त्याचेही ऋण फेडतो. याज्ञवल्क्य स्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन भाग आहेत; न्यायनिवाडा दुसऱ्यात आणि पापशुद्धी तिसऱ्यात येते, तरी दोन्ही एकाच धर्मशास्त्राची अंगे आहेत. महाभारताच्या शांतिपर्वातील शंख आणि लिखित या भावांची कथा हे फार नेमकेपणाने दाखवते. थोरल्या भावाच्या आश्रमातील फळे न विचारता खाल्ली म्हणून शंख लिखिताला सुद्युम्न राजाकडे गुन्हा कबूल करायला पाठवतो. ज्याला दंड देण्याचा अधिकार आहे त्याला तो माफ करण्याचाही आहे, असे म्हणून राजा त्याला सोडायला तयार होतो. लिखित मात्र शिक्षेचाच आग्रह धरतो आणि त्याचे हात तोडले जातात. पुढे बाहुदा नदीत स्नान करताना हात परत येतात, तेव्हा तो भावाला विचारतो की, तुझ्या तपात एवढे सामर्थ्य होते तर तूच मला आधी शुद्ध का केले नाहीस. शंखाचे उत्तर असे की, तुला दंड देण्याचा अधिकार माझा नव्हता, आणि आता तूही शुद्ध झालास व तुला दंड देणारा राजाही. अपराध्याने राजाची माफी नाकारून शिक्षा मागून घेणे आजच्या वाचकाला विचित्र वाटेल, पण शिक्षेने पाप धुतले जाते हे एकदा मान्य केले की त्याचा हट्ट तर्कशुद्ध ठरतो.

मराठी इतिहासात याच विचाराचा एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रघुनाथरावांना काय प्रायश्चित्त आहे, या प्रश्नाला रामशास्त्री प्रभुणे यांनी देहान्त प्रायश्चित्ताचे उत्तर दिले, असे परंपरा सांगते. येथे रामशास्त्र्यांनी दंडाऐवजी प्रायश्चित्ताचा मार्ग धरला, हे मला महत्त्वाचे वाटते. रघुनाथराव ब्राह्मण होते आणि सत्ताही त्यांच्याच हाती आली होती; दंडनीतीच्या वाटेने त्यांना जे सुनावता आले नसते, ते प्रायश्चित्ताच्या वाटेने सुनावता आले.

ख्रिस्ती विचारात राज्याची शिक्षा आणि पापाची क्षमा हे दोन हिशेब मुळातच वेगळे ठेवलेले आहेत. लूकच्या शुभवर्तमानात येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेला एक अपराधी म्हणतो की, आम्ही आमच्या कर्माचे योग्य फळ भोगत आहोत, आणि येशू त्याला उत्तर देतो, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." त्याला सुखलोक मिळतो, पण वधस्तंभावरून खाली कोणी उतरवत नाही. पापाची क्षमा झाली तरी रोमन शासनाची शिक्षा चालूच राहते, आणि ती क्षमाही त्याने यातना भोगल्या म्हणून मिळत नाही, तर विश्वासाने मागितली म्हणून मिळते. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मशास्त्रज्ञाने आणि पुढे सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या, म्हणजे प्रोटेस्टंट पंथांच्या उदयाच्या, काळातील विचारवंतांनी असे मांडले की, माणसाच्या पापाची भरपाई ख्रिस्ताच्या बलिदानाने झालेली आहे. ती एकदा झाली असेल, तर तुरुंगवासाने किंवा फाशीने तिच्यात भर पडण्याचे कारण उरत नाही. मग शासनाने शिक्षा का द्यावी? पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर आहे. बाराव्या अध्यायात सूड देवावर सोपवायला सांगितले आहे आणि लगेच तेराव्यात राज्यकर्ता तलवार व्यर्थ धारण करीत नाही, असे बजावले आहे. व्यक्तीने सूड घेऊ नये, राज्याने मात्र व्यवस्था राखावी, ही ती विभागणी. या चित्राला एक अपवाद नोंदवला पाहिजे : कॅथलिक धर्मशिक्षणानुसार, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथानुसार, अपराध्याने स्वेच्छेने स्वीकारलेल्या शिक्षेला प्रायश्चित्ताचे मोल येते. हे मत लिखिताच्या कथेच्या बरेच जवळ जाते; फक्त मोल शिक्षेला नसून स्वीकाराला आहे.

आता फाशीकडे वळू. तिचे समर्थन करणाऱ्या हिंदू वाचकाला मनुस्मृतीचा सातवा अध्याय पुरेसा आहे, कारण तेथे सर्व झोपलेले असताना जागा राहणारा दंड हाच धर्म मानलेला आहे. दंड नसेल तर मोठा मासा लहानाला गिळतो, हा मात्स्यन्याय कौटिल्यानेही सांगितला. परंतु तीक्ष्ण दंडाने लोक उद्विग्न होतात, मृदू दंडाने राजाचाच अवमान होतो आणि यथायोग्य दंडच आदरास पात्र ठरतो, असेही त्याने लगेच जोडून दिले. मनूनेही आधी समज, मग धिक्कार, मग द्रव्यदंड आणि सर्वांत शेवटी शारीरिक दंड अशी पायरी लावलेली आहे. "दुर्मिळातील दुर्मिळ" प्रकरणांतच मृत्युदंड द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात ठरवले ते संविधानाच्या आधारे, स्मृतींच्या नव्हे. तरी त्या पायरीची आठवण येते.

विरोध करणाऱ्यासाठी शांतिपर्वातीलच द्युमत्सेन आणि सत्यवान यांचा संवाद आहे आणि माझ्या मते या विषयावरचा तो आपल्याकडचा सर्वांत कमी वाचला गेलेला महत्त्वाचा मजकूर आहे. अपराध्यांना वधासाठी नेताना पाहून सत्यवान वडिलांना म्हणतो की, एका दरोडेखोराला मारताना राजा त्याची बायको, आई, बाप आणि मुले यांनाही मारत असतो. शिवाय दुष्ट माणूस सत्संगाने सुधारतो आणि दुष्टाच्या पोटी चांगली संततीही निपजते, म्हणून मुळावरच घाव घालू नये. द्युमत्सेनाचे उत्तर हलके नाही. पूर्वी धिक्कार पुरेसा होई, मग शब्दांनी समज द्यावी लागली, मग द्रव्यदंड आला आणि आता लोक असे झाले आहेत की वधाशिवाय आवरत नाहीत, असे तो म्हणतो. आजच्या दूरचित्रवाणीवरील चर्चेतले दोन्ही पक्ष येथे आधीच उभे आहेत.

ख्रिस्ती समर्थक बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायाकडे जातो : जो मनुष्याचा रक्तपात करतो त्याचा रक्तपात मनुष्याकडून होईल, कारण मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनास या धर्मशास्त्रज्ञाने समाजाच्या हितासाठी घातक माणसाला ठार करणे शासनास योग्य मानले, आणि अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट संघाने 2000 मध्ये मृत्युदंडाच्या बाजूने ठराव केला. विरोधक त्याच पुस्तकाचा चौथा अध्याय दाखवतो, जेथे भावाचा खून केलेल्या काइनाला कोणी मारू नये म्हणून देवच त्याच्यावर खूण करतो. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन याने पाचव्या शतकाच्या आरंभी मार्सेलिनस या रोमन अधिकाऱ्याला पत्र लिहून, एका धर्मगुरूचा खून केल्याचे कबूल केलेल्यांनाही ठार करू नये, त्यांना एखाद्या उपयुक्त कामाला लावावे, अशी विनंती केली होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1995 मध्ये मृत्युदंडाची खरी गरज जवळजवळ उरलेलीच नाही असे म्हटले आणि 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणात बदल करून तो अस्वीकार्य ठरवला. येथे दोन्ही परंपरांच्या रचनेतला फरक व्यवहारात दिसतो. कॅथलिक वाचकाला मत विचारण्याचे एक अधिकृत ठिकाण आहे. हिंदू वाचकाला ते नाही, आणि कोणता ग्रंथ प्रमाण धरायचा हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

निरपराध माणूस फासावर जाण्याची भीती ज्याच्या मनात मुख्य आहे, त्याच्यासाठी दोन्हीकडे एकेक कथा आहे. चोरांनी आश्रमात माल लपवला आणि मौनव्रतामुळे मांडव्य ऋषी काही बोलले नाहीत, म्हणून राजाने त्यांना सुळावर चढवले. पुढे त्यांनी थेट धर्मराजाला जाब विचारला. लहानपणी किड्याला काडी टोचल्याचे हे फळ आहे असे कळल्यावर त्यांनी धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली. ख्रिस्ती परंपरेत तर निरपराधाला झालेला मृत्युदंड हाच श्रद्धेचा केंद्रबिंदू आहे. पण येशू जाब विचारत नाही, मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. एका कथेतून न्यायव्यवस्थेची चूक दुरुस्त करण्याची प्रेरणा मिळते, दुसरीतून ती चूक सोसणाऱ्याला बळ मिळते.

समतेच्या कसोटीवर कोणतीच बाजू स्वच्छ नाही. मनुस्मृतीने कोणत्याही पापासाठी ब्राह्मणाचा वध करू नये, त्याला धनासह हद्दपार करावे असे सांगितले. त्याच अध्यायात जाणतेपणी केलेल्या चोरीचा दोष शूद्राला आठपट तर ब्राह्मणाला चौसष्टपट धरला आहे, पण त्याने आधीच्या सवलतीचा कलंक पुसला जात नाही. इंग्लंडमध्येही धर्मगुरूंना लौकिक न्यायालयाच्या फाशीतून सोडवणारी सवलत होती. ती पुढे वाचता येणाऱ्या कोणालाही मिळू लागली आणि 1827 मध्ये रद्द झाली. नंदकुमार या ब्राह्मणाला 1775 मध्ये कलकत्त्यात इंग्रजी कायद्याखाली बनावट दस्तऐवजासाठी फाशी दिली गेली, तेव्हा ती सवलत इंग्लंडमध्ये जिवंतच होती. गोव्यातील इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा करणारे चर्चचे, न्यायालय 1560 पासून मधला थोडा खंड वगळता 1812 पर्यंत चालले, हेही क्षमेच्या धर्माविषयी बोलताना विसरता येत नाही.

क्षमेच्या प्रश्नावर ख्रिस्ती उदाहरणे अधिक ठळक आहेत. 1999 मध्ये ओडिशात ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जाळून मारल्यावर पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला चालू राहिला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. मध्य प्रदेशात 1995 मध्ये खून झालेल्या सिस्टर राणी मारिया यांच्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, आणि हे ख्रिस्ती क्षमेने हिंदू रीत उचलल्याचे सुंदर उदाहरण आहे. हिंदू बाजूला भागवतातील द्रौपदी आहे : आपली मुले झोपेत मारणाऱ्या अश्वत्थाम्याला सोडा, माझ्यासारखे त्याच्या आईला रडावे लागू नये, असे ती म्हणते. भीमाला ते पटत नाही. अखेर अश्वत्थाम्याचा मणी काढून त्याला हाकलून दिले जाते. मात्र वनपर्वात हीच द्रौपदी युधिष्ठिराला नेहमीची क्षमा हितकर नसते हे सुनावते. ख्रिस्ती आज्ञेत क्षमेला संख्येची मर्यादा नाही. हिंदू विचारात मात्र वेळ, पात्र आणि परिणाम पाहावे लागतात.

शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला घर किंवा काम द्यायचे की नाही, हा प्रश्न फाशीपेक्षा किती तरी अधिक लोकांपुढे प्रत्यक्ष येतो. स्मृतीचा तर्क येथे फार उपयोगी आहे, कारण दंड झालेला माणूस निर्मळ होत असेल, तर त्याला पुन्हा चोर म्हणण्याचा अधिकार शेजाऱ्याला उरत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्त न करणाऱ्या महापातक्याच्या कपाळावर डाग देऊन त्याला बहिष्कृत करण्यास सांगितले आहे, पण ज्याने प्रायश्चित्त केले त्याला डाग देऊ नये, द्रव्यदंड करावा, असेही म्हटले आहे. ख्रिस्ती परंपरेत अशा माणसाची बाजू घेण्याचे कारण त्याची शुद्धी हे नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी तुरुंगात होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात, आणि कैदी दोषी होता की निर्दोष, हे तेथे विचारलेलेच नाही. ज्या घरमालकाला किंवा कारखानदाराला समोरच्याने किंमत मोजली आहे याची खात्री हवी असते, त्याला मनूचा नियम पटेल. ज्याला ती खात्री कधीच होणार नाही, त्याला मत्तयचा आधार घ्यावा लागेल.