पावसाचं पाणी धरायला गाडीची ऑनिंग बरी की सुटी ताडपत्री?

गाडीच्या कडेला गुंडाळीची ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढून उघडायचं कापडी छत, बसवलेली असताना पाणी धरायला वेगळी ताडपत्री कशाला बाळगायची, असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. आमची जुनी टेंपो ट्रॅव्हलर आहे, आत पलंग आणि ओटा करून घेतलेली. दाराच्या बाजूला अडीच मीटर लांब आणि उघडली की दोन मीटर बाहेर येणारी ऑनिंग आहे. पावसाळाभर आम्ही चोरल, जानापाव, मांडू असे इंदूरच्या आसपासच हिंडत असतो. ऑनिंग रोज उघडते, पण पाणी मी हल्ली ताडपत्रीवरून धरतो. तुमची गाडी कुठल्या जमिनीवर उभी राहते यावर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून दोन्हींबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पाणी किती मिळेल याची काळजी आधी डोक्यातून काढून टाका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. मोजायचं ते कापडाचं क्षेत्रफळ नव्हे. सूर्य डोक्यावर असताना त्या कापडाची जमिनीवर जेवढी सावली पडेल, तेवढंच. आमच्या ऑनिंगची सावली साधारण पाच चौरस मीटर. इंदुरात आपण पाऊस इंचात बोलतो, तर एक इंच पावसात हिशोबाने १२७ लिटर पाणी होतं. वारा, उडणारे थेंब, आधी सोडून द्यायचं पाणी हे सगळं वजा जाता निम्मं हाती लागलं तरी दोन माणसांची भांडी, हातपाय आणि संडासाचं पाणी भागून उरतं. ताडपत्री मोठी असते म्हणून तिच्यावरून जास्त मिळतं, पण आपल्या टाक्या असतात केवढ्या? पाणी पडतं दोन्हींवरून भरपूर. डब्याच्या तोंडात ते किती जातं, हे बघायचं.

ऑनिंगची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच सोयीची वस्तू आहे. चेन उघडा, दांडी ओढा, दोन पाय खाली सोडा, झालं. धो धो पावसात पोहोचलात तरी पाच मिनिटांत दारापुढे कोरडी जागा तयार होते आणि स्टोव्ह पेटतो. पाणी धरायचं असेल तर पुढचा एक पाय दुसऱ्यापेक्षा हात-दीड हात खाली करायचा. सगळं पाणी त्या कोपऱ्याकडे धावतं, खाली बादली ठेवायची. उतार देताना हात आखडता घेऊ नका. उतार कमी पडला की मध्ये झोळ पडतो आणि झोळात पाणी साचतं. एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. चार बोटं साचलं तर ॲल्युमिनियमचे हात वाकायला वेळ लागत नाही. मध्ये ताणाची आडवी दांडी टाकली तर झोळ बराच कमी होतो.

परदेशातल्या मोठ्या मोटरहोमवर अशी ऑनिंग असते की पाण्याचं वजन वाढलं की तिचा एक हात आपोआप झुकतो, पाणी ओतून टाकतो आणि पुन्हा वर येतो. ऑनिंग बनवणाऱ्याच्या मनात काय असतं ते यावरून कळतं. त्याला पाणी लवकरात लवकर फेकून द्यायचं असतं. ते कुठे पडेल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आपण बादली घेऊन मागे लागतो ते आपल्या हौसेनं.

माझं मन फिरलं ते मात्र त्या पुढच्या पायामुळे.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि दोन दिवस पाऊस झाला की फुगते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन पसरते, त्यामुळे ठोकलेली खुंटी धरायला काही उरतच नाही. फूटभर लांबीची लोखंडी खुंटी दोन बोटांनी वर येते, पिकल्या केळ्यातून काडी निघावी तशी. आणि ऑनिंगचा पाय, ज्याच्यावर आपण मुद्दाम सगळं पाणी वळवलेलं असतं, तो त्या वजनानं रात्रभर हळूहळू खाली जात राहतो. गंमत अशी, की खाली केलेला पायच नेहमी रुतेल असंही नाही. कधी कधी उंच ठेवलेला पाय आधी बसतो, उतार उलटा होतो आणि सगळी धार दुसऱ्या कोपऱ्यावरून, म्हणजे नेमकी दारापाशी, सुरू होते. रात्री दीड-दोनच्या सुमारास आतून आवाज येतो, "अहो, पाणी पायरीवर पडतंय." मग टॉर्च तोंडात धरून बाहेर जायचं, पाय उपसून काढायचा, खाली फळी सारायची, खटका पुन्हा आवळायचा. परत येईपर्यंत प्रत्येक चपलेला किलोभर चिखल लागलेला असतो, आणि तो खरवडायला पाणी लागतं, जे बादलीत पडलेलंच नसतं!

फळीनं पाय रुतणं थांबतं, पण ओल्या फळीवरून पाय सरकतो. पायाला फळीवर अडकवायला मी वाटीच्या आकाराचा तुकडाही ठोकून पाहिला. त्यानं सरकणं थांबलं, पण मग अख्खी फळीच एका बाजूला कलायला लागली. रोज एकाच ठिकाणी उभे राहत असू तर विटा घालून कायमची सोय करता आली असती. आमचं तसं नाही.

सुट्या ताडपत्रीत हीच अडचण उरत नाही, एवढाच तिचा मोठा गुण. आम्ही १२ बाय १० फुटांची घेतो आणि गाडीच्या मागच्या बाजूला बांधतो. एक कोपरा टपावरच्या कॅरियरला. बाहेरचे दोन कोपरे झाडाला किंवा बांबूला. चौथा कोपरा, जिथे पाणी यायला हवं तो, मागच्या लोखंडी शिडीच्या खालच्या पायरीला. शिडी गाडीला वेल्ड केलेली आहे, ती कुठे जाणार? बांबू चिखलात चार बोटं रुतला तरी उंच बाजू जराशी उतरते, पण सखल कोपरा सखलच राहतो. पाण्याची दिशा बदलत नाही. कॅन गाडीच्या मागच्या पायदानावर असतो, जमिनीवर नाही, त्यामुळे तो कलंडतही नाही. ही मांडणी जमल्यापासून मी रात्री पाण्यासाठी उठलेलो नाही.

धार कॅनमध्ये पाडायची युक्ती मात्र दोन्हीकडे लागते. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. या गुळगुळीत कापडांवर ते निदान तसा प्रयत्न करतं. हलक्या पावसात कडेवर आलेला थेंब खाली न पडता कापडाच्या खालच्या अंगाला चिकटून वीतभर मागे सरकतो आणि भलतीकडेच टपकतो. ऑनिंगला पुढे ॲल्युमिनियमची दांडी असते, तिच्या खाचेतून तो आणखी लांब जातो. यावर जाड सुती दोरी चांगली. कोपऱ्याच्या रिंगणात, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाच्या कडीत, बांधून दुसरं टोक कॅनच्या तोंडात सोडायचं. दोरी एकदा भिजली की पाणी तिच्या अंगानं उतरत राहतं, वाऱ्यातसुद्धा फारसं उडत नाही. नायलॉनची दोरी पाणी तितकं धरत नाही. जोराचा पाऊस असला की दोरीला न जुमानता धार कोसळते, तेव्हा मोठं नरसाळं हवंच. नरसाळ्यावर मलमलचं दुपदरी फडकं, म्हणजे पानं-किडे वरच राहतात.

कापडाबद्दल थोडं. ऑनिंग बहुधा तीन प्रकारच्या कापडाची मिळते: पीव्हीसीचा थर दिलेलं, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेलं पॉलिस्टर, किंवा कॅनव्हास. कॅनव्हास आधी स्वतः पाणी पितो आणि मग सोडायला लागतो. नवा असताना त्याच्या मेणाचा वास पाण्याला येतो. पीयूचा थर ओला गुंडाळून उन्हात तापला की काही वर्षांनी चिकट होतो आणि सोलपटायला लागतो. ती सोलपटं पाण्यात. मऊ पीव्हीसी पुसायला सगळ्यात सोपं, पण त्याला मऊ ठेवणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात, आणि पाणी उकळून रसायनं जात नाहीत. साध्या विणलेल्या ताडपत्रीत पॉलिएथिलिन असतं, त्याला अशा रसायनांची गरज नसते. या बाबतीत ताडपत्री मला जरा बरी वाटते, पण म्हणून तिच्यावरचं पाणी प्यायचं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन पावसाळे आणि मधले उन्हाळे खाल्ले की तिचेही बारीक कण सुटतात. बोटानं घासलं आणि पावडर लागली, की ती पाण्याच्या कामातून बाद करून सामान झाकायला घ्यावी. प्यायला आम्ही घरून नर्मदेचं पाणी वीस लिटरच्या जारमध्ये भरून नेतो, आणि पावसाचं फक्त वापरायला.

वापरायला मात्र त्यासारखं पाणी नाही. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो. पावसाच्या पाण्यात चिमूटभर साबणाचा एवढा फेस येतो की धुऊन काढताना कंटाळा यावा. ताटांवर पांढरे डाग राहत नाहीत.

पहिलं पाणी सोडायचंच, त्यात कंजूषपणा नको. धूळ, पाखरांची घाण, टपावर साठलेला डिझेलचा धूर, सगळं त्यात उतरतं. साधारण पहिल्या दोन मिलिमीटरचं पाणी, म्हणजे आमच्या ऑनिंगवरून दहा लिटर, चाकं धुवायला. ताडपत्रीची सावली मोठी, त्यामुळे तिच्यावरून जास्त सोडावं लागतं, आणि झाडाखाली बांधली असेल तर आणखी. सागाखाली तर पाणी तांबूस उतरतं आणि भांड्याला डाग धरतं. मांडूला गेलात तर जहाज महालात गच्चीवरच्या हौदाकडे पाणी नेणारी चक्राकार नाली जरूर बघा. नदी नसलेल्या त्या पठारावर लोक पावसाच्याच पाण्यावर जगत होते, आणि हौदात पडण्याआधी पाण्याला वळणं देऊन त्याचा वेग मोडत होते, म्हणजे गाळ वाटेतच बसेल. आपल्याकडे तेवढी जागा नाही, म्हणून आम्ही कॅनमध्ये तुरटी फिरवून रात्रभर स्थिर ठेवतो आणि वरचं पाणी नळीनं टाकीत ओढतो.

ताडपत्रीचे त्रास लपवत नाही. बांधायला पाव तास लागतो, एकट्यानं तर विचारूच नका. ट्रकवाले माल आवळताना मारतात ती गाठ यायला हवी, नाहीतर तासाभरात सगळं सैल. मागचं दार उघडता येत नाही, त्यामुळे लागणारं सामान आधी पुढे काढून ठेवावं लागतं. वाऱ्यात फडफड होते; ज्यांची झोप सावध आहे त्यांनी याचा विचार करावा. आणि दिसायला ती ताडपत्रीच दिसते. शेजारी कुणाची नवी कोरी व्हॅन उभी असेल तर आपलं बिऱ्हाड लग्नाच्या स्वयंपाकघरामागच्या मांडवासारखं वाटतं.

घरी आल्यावर मात्र ती पुन्हा वरचढ. ओली ताडपत्री झाकणाच्या बादलीत कोंबून आणायची आणि गच्चीच्या कठड्यावर टाकायची. ओली ऑनिंग वाळवायला गाडी पुन्हा कुठेतरी उभी करून ती पूर्ण उघडावी लागते. सुदामानगरच्या गल्लीत दोन मीटर बाहेर येणारं कापड उघडलं की समोरच्यांची स्कूटर निघत नाही. ऑगस्टमध्ये दोन दिवस तशीच गुंडाळलेली राहिली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि मग तिच्यावरचं पाणी भांड्यांनाही वापरावंसं वाटत नाही.

तेव्हा ज्यांची गाडी बहुतेक वेळा रिसॉर्टच्या फरशीवर, डांबरावर किंवा मांडूसारख्या खडकाळ जागी उभी राहते, त्यांनी ऑनिंगवरच भागवायला हरकत नाही. तिथे पाय रुतत नाही, आणि खुंटी शिरत नसली तर पायाला दगड बांधता येतात. महिन्याकाठी एखादीच रात्र बाहेर काढणाऱ्यांनीही वेगळा पसारा वाढवू नये. पण शेताच्या बांधाशी, चोरलच्या बाजूला, काळ्या मातीत दोन-तीन रात्री काढायच्या असतील तर मी तरी ताडपत्रीच सुचवेन. घेताना जाड घ्या, कोपऱ्याची रिंगणं पितळी किंवा ॲल्युमिनियमची आणि दुपदरी पट्टीत बसवलेली आहेत ना ते ओढून बघा, कारण सगळं पाणी ज्या एका कोपऱ्यावर येतं तिथलंच रिंगण सगळ्यात आधी फाटतं. आणि गाडीला शिडी नसेल तर मागच्या बंपरला एक कडी वेल्ड करून घ्या.