‘फोर ट्रॅक’ सांगून डबल डेक गळ्यात मारला: कॅसेटवर घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी वाचावं

‘फोर ट्रॅक’ रेकॉर्डर म्हणून मी दोन कॅसेटचा साधा टेप घेतला आणि माझे २१,५०० रुपये गेले. ते कदाचित परत मिळतील, कदाचित नाही. पण त्या मशीनमुळे आईने म्हटलेल्या सात ओव्या पुसल्या गेल्या, त्या आता मिळणार नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. माधव संगीत महाविद्यालयात शिकलो, पेटीची साथ करतो, घरी मुलांना शिकवतो. आई ८१ वर्षांची आहे. जात्यावरच्या ओव्या तिने तिच्या सासूकडून घेतल्या, त्या सगळ्या तिला तोंडपाठ आहेत. आता तिला दम लागतो. कधी सकाळी आवाज लागतो, कधी चार-चार दिवस लागत नाही. तबलजीला बोलावून ठेवायचं आणि नेमका त्या दिवशी तिला खोकला, असं तीनदा झालं. मोबाइल समोर धरला की ती अवघडते. कॅसेटचं लाल बटण मात्र तिच्या ओळखीचं आहे.

१९९४ साली पुण्यात एका मित्राकडे मी टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ, म्हणजे एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरायचं मशीन, पाहिलं होतं. त्याने आधी तानपुरा भरला, मग तो कानात ऐकत तबला, मग पेटी, आणि शेवटी गायला. एकटाच, एकाच कॅसेटवर. गाणं चुकलं तर फक्त गाणं पुसून पुन्हा घ्यायचा, तबल्याला धक्का लागायचा नाही. आईसाठी हेच हवं होतं. तिचा आवाज लागेल तेव्हा तिने म्हणायचं, बाकी सगळं आपण आपल्या सवडीने भरायचं.

ऑनलाइन जाहिरात दिसली: ‘फोर ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर, चार माईक, चालू स्थितीत.’ फोन केला तर समोरचा मुलगा मराठी बोलणारा निघाला. ग्वाल्हेरात आपण मराठी लोक आता थोडेच उरलोय. कुणी ‘काका’ म्हणून आपल्या भाषेत बोललं की मन लगेच सैल होतं. तो म्हणाला, “काका, आपलीच माणसं आहोत, तुम्हाला फसवून मी राहणार कुठे?” मी त्याच दिवशी १०,००० रुपये यूपीआयने पाठवले. उरलेले पैसे त्याने मशीन घरी आणल्यावर रोख दिले. बिल मागितलं नाही.

डेमो त्याने आमच्याच बैठकीत दिला. मशीनला कॅसेटचे दोन कप्पे, पुढे माईकच्या चार पिना आणि चार स्लायडर. त्याने एका कप्प्याचं झाकण उघडून माझ्यासमोर कोरी कॅसेट घातली. दुसरा कप्पा बंदच होता. बटणं दाबली, तबला वाजू लागला, त्यावर तो चार ओळी गायला. मागे नेऊन ऐकवलं, तर तबला आणि गाणं दोन्ही. मी म्हटलं, झालं, हेच ते. वर त्याने माहितीपत्रक उघडून दाखवलं. त्यात छापलेलंच होतं: फोर ट्रॅक, टू चॅनल स्टिरिओ.

ही छापील ओळ खरी आहे, आणि फसवणूक तिच्यातच दडलेली आहे. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते. साध्या स्टिरिओ कॅसेटवर तेवढ्या रुंदीत चार पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, मावतात: ‘ए’ बाजूच्या दोन, ‘बी’ बाजूच्या दोन. घरोघरचे स्टिरिओ डेक या अर्थाने ‘फोर ट्रॅक’च होते, आणि पत्रकांवर तसं छापतही असत. पण एका वेळी त्यातल्या दोनच वापरल्या जातात, आणि रेकॉर्डचं बटण दाबलं की त्या बाजूच्या दोन्ही पट्ट्या एकदम पुसल्या जातात. टॅस्कॅम हा ज्यांचा ब्रँड, त्या टीअॅकने १९७९ साली पहिलं पोर्टास्टुडिओ, म्हणजे मॉडेल १४४, काढलं तेव्हा चारही पट्ट्या एकाच दिशेने आणि एकेक स्वतंत्रपणे भरता येतील अशी सोय केली. त्यासाठी चार भागांचं हेड (फितीला टेकून आवाज भरणारा आणि वाचणारा भाग) आणि प्रत्येक पट्टी वेगळी पुसणारं इरेझ हेड लागतं. शिवाय जुनी पट्टी ऐकवण्याचं कामही रेकॉर्ड करणारं हेडच करतं. दुसऱ्या हेडवरून ऐकलं तर दोन हेडमधल्या अंतराइतका ताल मागेपुढे होईल.

डेमोत काय झालं ते मला नंतर उमगलं. बंद कप्प्यात तबल्याची कॅसेट आधीच घातलेली होती. ती वाजत होती, आणि ती अधिक त्याचा गळा असं एकत्र दुसऱ्या कॅसेटवर उतरत होतं. जुनी युक्ती आहे, त्यात काही चूकही नाही. पूर्वी कित्येकांनी दोन डेक जोडून असं केलं आहे. पण त्यात दरवेळी नक्कल होते, फितीची खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेला तबला पुन्हा कमीजास्त करता येत नाही. याला मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर ठेवणारं मशीन, म्हणून विकणं म्हणजे सरळ खोटेपणा.

पुढच्या गुरुवारी सकाळी आईचा आवाज सुरेख लागला. तानपुऱ्याच्या पेटीवर सूर धरून तिने एका दमात सात ओव्या म्हटल्या. बारा मिनिटं. इतकं मोकळं ती दोन वर्षांत म्हणाली नव्हती. दुपारी मी पेटी भरायला बसलो. कॅसेट मागे नेली, दुसरा स्लायडर वर केला, हेडफोन लावले. आईचा आवाज काही ऐकू येईना. मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “भरताना मागचं ऐकू येत नाही काका, नंतर वाजवलं की सगळं एकत्र येतं. तुम्ही बिनधास्त बटण दाबा.”

मी चाळीस वर्षं साथ करतो. गाणारा ऐकू येत नसताना साथ कशी करायची, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मी बटण दाबलं. वाजवून पाहिलं तेव्हा फितीवर फक्त माझी पेटी होती.

आईने त्यानंतर दोनदा प्रयत्न केला. पाच ओव्या आल्या, पण मध्ये थांबून थांबून. उरलेल्या दोन तिला आठवतात, म्हणवत नाहीत.

असं मशीन बघायला जाल तेव्हा स्वतःची कोरी कॅसेट न्या, आणि सगळे कप्पे उघडायला लावा. एकच कॅसेट घाला. पहिल्या ट्रॅकवर टाळी देत अंक मोजा. मागे न्या. तेच ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर काहीतरी गुणगुणा. असं चारही ट्रॅकवर करा, मग फक्त तिसरा पुसून पुन्हा भरा आणि बाकीचे तीन शाबूत आहेत का ते ऐका. दहा मिनिटांचं काम आहे. विकणारा ‘नंतर सगळं एकत्र येतं’ म्हणाला की उठून या. कुणी सांगेल, टॉर्च मारून हेडवर चार रेघा बघा. तेवढ्यावर जाऊ नका. ऑटो-रिव्हर्सच्या, म्हणजे कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणाऱ्या, कित्येक साध्या डेकच्या हेडवरही चार रेघा असतात. प्रत्येक ट्रॅकला रेकॉर्डचा स्वतंत्र स्विच आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

घरी आणखी एक खूण पडताळता येते. खऱ्या चार ट्रॅकवर भरलेली कॅसेट साध्या टेपवर उलटी घालून वाजवली की तिसरा आणि चौथा ट्रॅक उलटे वाजतात. वेगावरून मात्र ठरवू नका. मॉडेल १४४ सेकंदाला ९.५ सेंटिमीटर, म्हणजे दुप्पट वेगाने चालतं, त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर त्यात १५ मिनिटंच मावतात. पण नेहमीच्या वेगाची खरी फोर ट्रॅक मशीनंही निघाली होती.

त्याने मला दहा ‘क्रोम’ कॅसेटही विकल्या, एकेक ३०० रुपयांना. क्रोम, म्हणजे टाइप टू या वरच्या दर्जाच्या फितीच्या कॅसेटच्या मागच्या कडेला, पुसण्यापासून वाचवणाऱ्या खाचेच्या शेजारी आणखी एक खाच असते. या दहांपैकी एकीलाही ती नव्हती. साध्या कॅसेटवर नवीन कागद चिकटवलेला होता.

मी परत फोन केला तेव्हा तो म्हणाला, “फोर ट्रॅक लिहिलेलंच आहे की काका, मी काय खोटं बोललो?” त्यानंतर नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला मी अकरा दिवस लावले, आधी मित्रांकडून समेट होतो का ते पाहत बसलो. तिथे फोन करायचा तर पहिल्या काही तासांतच करावा, तेव्हा रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच असते. तक्रारीसोबत मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि त्याचे मेसेज दिले आहेत. रोख दिलेल्या ८,५०० चा आणि कॅसेटच्या ३,००० चा माझ्याकडे कसलाच पुरावा नाही.

परवा तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण फोटोत माझ्याच बैठकीतली सतरंजी आहे. डेमोच्या दिवशी त्याने मशीनचे फोटो काढले होते. लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी आणि तिच्यावर दोन कप्प्यांचं काळं मशीन दिसलं, तर ते मशीन त्याच्याकडे नाही. ते माझ्या घरी आहे.