लघुप्रबंधासाठी कोणतं मॉडेल: न्यूरल नेटवर्क की बायेसियन?

बडोद्यात शिकताय आणि बालविकासावरचा लघुप्रबंध कम्प्युटर मॉडेल वापरून करायचा आहे? मग पायथन येतं का, हा प्रश्न नंतरचा. तुमच्या हाती कोणत्या नोंदी येणार, ते आधी बघा.

दांडिया बाजारातल्या मराठी घरांतली मुलं ‘केलं’च्या जागी ‘करलं’ म्हणतात का आणि ही चूक महिन्यागणिक कशी कमी होते, हे टिपणार असाल तर न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून आपोआप शिकणारं मॉडेल, घ्या. रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी १९८६ मध्ये इंग्रजी भूतकाळावर हेच केलं. नियम न सांगता, नुसत्या उदाहरणांवर शिकलेलं त्यांचं नेटवर्क मुलांसारखंच आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर रूपं देऊ लागलं. दोन वर्षांनी पिंकर आणि प्रिन्स या टीकाकारांनी नेमकी नस पकडली: नेटवर्कला आधी १० क्रियापदं देऊन मग एकदम ४२० दिली, म्हणून ती मधली चूक दिसते. माझ्या मते हा आक्षेप आपल्याकडे जास्तच टोचतो. घरात मराठी, अंगणाबाहेर गुजराती. मुलाच्या कानावर कोणती किती पडते हे रेकॉर्डिंग करून मोजलं नाही आणि नेटवर्कला अंदाजाने उदाहरणं भरवली, तर निघेल तो तुमचाच अंदाज.

बायेसियन मॉडेल, म्हणजे पुराव्यावरून कोणता अर्थ किती शक्य आहे हे संभाव्यतेने मोजणारं मॉडेल. त्याला एवढा पसारा लागत नाही. शू आणि टेनेनबॉम यांच्या २००७ च्या अभ्यासात एका नव्या शब्दासाठी एकच डाल्मेशियन (ठिपक्यांचा कुत्रा) दाखवला, तर मुलं तो शब्द काही वेळा इतर कुत्र्यांनाही लावायची. तीन डाल्मेशियन दाखवले की बहुतेक डाल्मेशियनपुरताच ठेवायची. तीनही योगायोगाने सारखेच कसे निघतील, हा हिशेब मॉडेल उघड मांडतं. असा प्रयोग बालवाडीत एका बैठकीत होतो आणि साधा लॅपटॉप पुरतो. मात्र कोणते अर्थ शक्य आहेत, याची यादी तुम्हीच आत घालता. मुलाकडे ती कुठून आली, यावर मॉडेल गप्प.

थेलन आणि सहकाऱ्यांचं, बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या वस्तू लपवण्याच्या प्रयोगावरचं २००१ चं मॉडेलही आहे, पण त्याचं गणित जड. गाइड त्यातले असतील तरच हात घाला.

गाइडकडे मुलांच्या बोलण्याची जुनी रेकॉर्डिंग पडून असतील, तर मी नेटवर्कच घेईन. नसतील आणि हाताशी एकच सत्र असेल, तर बायेसियन. त्या प्रयोगातले शब्द मात्र मराठी-गुजराती दोन्हींत नसलेले, नवे बनवून घ्या.