डोसिंग पंपाच्या नावाखाली २४,६०० रुपये गेले

मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे खारपाणपट्ट्यातला. आमच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून समुद्री माशांच्या टाकीसाठी आरओ-डीआय फिल्टरचं शून्य टीडीएसचं, म्हणजे क्षार अजिबात नसलेलं पाणी घरीच काढतो. टाकी २०० लिटरची. उन्हाळ्यात कूलर लावला की दिवसाला तीन लिटर पाणी उडतं. उडतं ते गोडं, मीठ मागंच राहतं. मागच्या वर्षी आठवडाभर लग्नाला गेलो, तर घनता १.०२५ ची १.०२८ झाली अन् दोन मासे गेले. म्हणून ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र हवं होतं, हौस म्हणून नाही.

मोबाइलवर जाहिरात दिसली. टॉप-ऑफ, टाकीत रोज मोजून द्रावण सोडणारा डोसिंग पंप आणि कॅल्शियमचं द्रावण, सगळं मिळून ८,९०० रुपये. पैसे आधी पाठवले. मग 'वाहतूक विमा, नंतर परत मिळेल' म्हणून ३,४०० मागितले. तेही दिले. खोक्यात निघाला कूलरचा फ्लोट अन् एक पांढरी बाटली.

खरं तर मला फोनवरच कळायला पाहिजे होतं. विकणारा म्हणाला, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (म्हणजे सोडा) एकाच बाटलीत आहे. अहो, कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा एकत्र केले की चुन्यासारखा साका बसतो. मी स्वतः एकदा पेल्यात करून पाहिलंय! दोन बाटल्या, दोन पंप, दोन्हींच्या डोसमध्ये अंतर, हे मला माहीत होतं. मी तसं बोललोसुद्धा. तो म्हणाला, 'सर, नवीन फॉर्म्युला आहे.' अन् मी गप्प बसलो. कॅल्शियम किती, केएच (अल्कलिनिटीचं माप) किती, रोज किती खपतं, एक आकडा न विचारता त्यानं रोज ४० मिली सांगितलं. टेस्टचे आकडे न विचारता डोस सांगणारा माणूस चोर समजा.

खोकं आल्यावर एक दिवस मी तूर घेऊन बाजार समितीच्या रांगेत सकाळपासून उभा होतो. संध्याकाळी त्याचा फोन आला, 'चूक झाली, पूर्ण १२,३०० परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा.' केला. पिनही टाकला. आणखी १२,३०० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी घरच्यांना शिकवलेलं आहे. थकलेल्या माणसाला गाठूनच हे लोक डाव साधतात.

ठाण्यात गेलो तर साहेब म्हणतात, "मासोळ्याईले औषध पाजाले चोवीस हजार? पिन तुम्हीच टाकला ना, मंग आम्ही काय करू?" बाजूचे दोघं हसले. मला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथं म्हणाले, तुमच्याच ठाण्यात द्या. बँकेनंही पिनचंच कारण सांगितलं. तीन चकरा, गाडीभाडं ५४० रुपये, हातात साधी पोचसुद्धा नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कायद्याच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. ते मी वाचून दाखवलं, तेव्हा मला बाहेरच्या बाकावर बसवलं. चार वाजेपर्यंत!

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे १९३०, तिला फोन त्याच तासात करा. मी दुसऱ्या दिवशी दुपारी केला, तोवर पैसे पुढच्या खात्यात गेले होते. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. 'परत मिळेल' म्हणून मागितलेला एक रुपयाही देऊ नका.

ती बाटली मी टाकीत ओतली नाही. बुडाशी दोन बोटं पांढरा गाळ आहे. सोमवारी ती घेऊन चौथ्यांदा ठाण्यात जातोय.