चौथी संपली: लेकीच्या शाळेबद्दल सांगायचंच आहे

आमची थोरली यंदा चौथी झाली आणि तिच्या ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेचा प्राथमिक विभाग चौथीलाच संपतो. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ घरीच शिवणकाम करते. गेल्या चार वर्षांत ब्लाउज टाकायला आलेल्या कितीतरी जणींनी विचारलं, "ती सिस्टरांची शाळा कशी आहे हो? आपल्या पोरांना परकं वाटत नाही का तिथं?" दर वेळी मशीन चालवता चालवता अर्धंमुर्धं उत्तर दिलं. आज नीट सांगते.

अभ्यास चांगला आहे, गृहपाठ बेताचा. फी आमच्यासारख्यांना जड जाते, पण हप्त्यानं घेतात. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, त्यामुळे गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून इथं नंबर लागेल म्हणून थांबू नका. आम्ही थांबलो होतो आणि ऐन वेळी धावपळ झाली.

पण शाळा मला खरी कळली ती डिसेंबरात.

पहिलीच्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमासाठी ड्रेस भाड्यानं आणायला लावले. ४०० रुपये भाडं, आणि आला तो झगा घामाचा वास मारणारा, खांद्यावरनं घसरणारा. लेक नाचायचं सोडून रडत बसली. माझा जीव जळला. दुसऱ्या दिवशी तडक सिस्टरांना जाऊन म्हटलं, "कापड द्या, आम्ही आया शिवून देतो." त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून ठेवलं. वाटलं, वहीतच राहणार. पण दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात निरोप आला: कापड कुठून घ्यायचं?

यंदा आम्ही सहा जणींनी ३२ झगे शिवले. एका पोरामागे दीड मीटर, म्हणजे ४८ मीटर पांढरं सुती कापड. सोनेरी कागद आणि जरतार मधल्या मारुतीच्या बाजारातनं. मुलामागे खर्च आला ९० रुपये. ज्यांना तेवढेही जमले नाहीत त्यांचे कुणी भरले, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगितलं नाही.

नाताळच्या आधीचे चार आठवडे ते आगमनकाळ पाळतात. हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी; दर सोमवारी परिपाठाला एकेक वाढवत पेटवायची. गुलाबी तिसऱ्या आठवड्याची, आनंदाची. हे मला लेकीनं शिकवलं. फादरांनी मुलांना गोष्टही सांगितली, की १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसनं खरा बैल आणि गाढव उभं करून येशूजन्माचा देखावा मांडला. मग काय, पोरांना खरं जनावर हवंच! एका मुलाच्या आजीनं आपली शेळी आणली. गव्हाणीत गवताऐवजी ज्वारीचा कडबा घातला होता आणि मेंढपाळ झालेल्या पोरांनी अंगावर सोलापुरी चादरी घेतल्या होत्या, डोक्याला टॉवेल. बेथलेहेम आपल्या मंगळवेढ्याच्या वाटेवरच असावं असं वाटलं बघा.

येशूजन्माच्या गोष्टीत मेंढपाळांना देवदूत सांगतो, "भिऊ नका." ते वाक्य चार देवदूतांनी म्हटलं. पहिला तेलुगूत, "भयपडकंडि." दुसरा कन्नडमध्ये, "हेदरबेडि." तिसरा, "डरो मत." आणि चौथी आमची लेक, मराठीत. माझ्या शेजारी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या एक आजी बसल्या होत्या. नातवाच्या तोंडनं ते पहिलं वाक्य ऐकलं आणि त्यांनी माझा हातच धरला. परकं वाटतं का, या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

अजून एक सांगते. वर्गात एक मुलगा चारचौघांत तोंडच उघडत नाही. त्याला बाईंनी तारा ओढायचं काम दिलं. कामट्यांचा चांदणीसारखा मोठा तारा, वर बांधलेल्या दोरीवरनं, बाळ येशूला भेटायला निघालेल्या तीन राजांच्या पुढे पुढे सरकवायचा. मध्येच तो अडकला. तिन्ही राजे जागेवर थांबले, सगळं मैदान गप्प. पोरानं घाई केली नाही; दोरी जरा ढिली सोडली, हलकेच झटका दिला आणि तारा पुढे निघाला. त्याचे वडील मागावरनं थेट आले होते, केसांत कापसाचे तंतू तसेच. ते खुर्चीवरनं उठून उभे राहिले आणि शेवटपर्यंत उभेच होते.

तक्रारीही आहेत. चारचा कार्यक्रम सव्वापाचला सुरू झाला, पाहुण्यांची भाषणं लांबली, मागच्या रांगांना माइक ऐकू येत नव्हता. स्वच्छतागृहं एवढ्या गर्दीला पुरत नाहीत. आणि ज्या आईबापांना कामावरनं सुटी मिळत नाही, त्यांना "पालकांनी हातभार लावा" हे सारखं सारखं ऐकणं जड जातं. हे मी सभेत उभं राहून बोलले आहे. शाळेनं त्यावर अजून तोडगा काढलेला नाही, काढायला हवा.

जेवण मात्र विचारू नका. रेल्वेत नोकरीला असलेल्या गोव्याच्या कुटुंबांनी नेवऱ्या आणि कलकल हा नाताळचा गोड फराळ आणला, आमच्या गल्लीनं कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही नेलं. मुलांनी दोन्हीचा फडशा पाडला. पुढं जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची सुटी लागली तेव्हा याच सिस्टर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रस्त्याकडेला उभ्या राहून ओळखीच्या पोरांना हाक मारताना दिसल्या.

परवा चौथीचा निरोप झाला. उन्हानं अंगाची लाही होत होती. आधी आभाराची प्रार्थना, मग बक्षिसं. चौथीच्या मुलांना ती घंटा वाजवणाऱ्या मावशींच्या हातनं दिली. मावशींनी एकेका पोराला न वाचता नावानं हाक मारली, एकही चुकलं नाही.

निघताना मापांची वही पहिलीतल्या एका आईच्या हाती दिली. तिनं विचारलं, "एवढं मला जमेल का, ताई?" म्हटलं, जमेल. खांद्याला एक इंच जास्त धरा आणि खाली दोन इंच दुमड सोडा, म्हणजे तोच झगा पुढच्या वर्षीही येतो.